लॅम्बास्टला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम

हा धागा काढावा की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज वैतागून काढतेच.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. गेल्या आठवड्यात एका मजकुरात 'लॅम्बास्टेड' हे क्रियापद एकाच पानावर तीनदा आलं. एकदा समीक्षकांनी एका चित्रपटाला लॅम्बास्ट केलं, एकदा विरोधी पक्षनेत्याने सरकारच्या धोरणाला, आणि एकदा सामना हरल्यावर प्रशिक्षकाने आपल्याच खेळाडूंना. कोशात अर्थ सरळ आहे, कठोर टीका करणे. मी तिन्ही ठिकाणी 'ताशेरे ओढले' लिहून मोकळी झाले.

संपादकांनी तिन्ही ठिकाणी लाल गोल करून पान परत पाठवलं. पहिल्या गोलाशेजारी लिहिलं होतं, 'चित्रपटावर? खटला चालू आहे का?'

राग आला, पण त्यांचं बरोबर आहे हेही कळत होतं. का बरोबर आहे ते मात्र सांगता येईना. म्हणून तुमच्या दारात. तीन वाक्यं, एकच इंग्रजी क्रियापद. मराठीत काय काय लिहाल?

खारूताई

पहिला नंबर!

अगं 'झोडपणे' आहे की. पाऊस झोडपतो, फलंदाज गोलंदाजाला झोडपतो, मग समीक्षकांनीच काय घोडं मारलंय? 'समीक्षकांनी चित्रपटाला झोडपून काढलं.' झालं काम.

आडवातिडवा

'कठोर टीका केली.' तिन्ही ठिकाणी चालतं, कोशातही तेच आहे. उगाच कीस कशाला पाडायचा?

अर्धविराम

आडवातिडवा, तेही करून पाहिलं. एका पानात तीनदा 'कठोर टीका केली' वाचलं की लेख जाऊन परिपत्रक होतं. शिवाय प्रशिक्षकाने खेळाडूंवर 'कठोर टीका केली' म्हटलं की तो खेळाडूंवर समीक्षा लिहायला बसल्यासारखा वाटतो.

वळचण

खारूताईंनी गंमत म्हणून लिहिलं असेल, पण त्या मुळाशीच जाऊन पोचल्यात. लॅम्बास्ट म्हणजे झोडपणेच.

शब्दात 'लॅम्ब' दिसतो म्हणून अनेकांना वाटतं, याचा कोकराशी काही संबंध असावा. अजिबात नाही. 'लॅम' हे मारण्याचं जुनं क्रियापद, स्कँडिनेव्हियन कुळातलं. जुन्या नॉर्समध्ये 'लेम्या' म्हणजे लुळापांगळा होईपर्यंत मारणे, आणि 'लेम' म्हणजे लंगडा हा इंग्रजी शब्द त्याच गोतावळ्यातला. पुढचा 'बेस्ट' म्हणजेही बडवणेच. म्हणजे मारणे अधिक मारणे, आपल्या मारझोडीसारखा जोडशब्द झाला. हा शब्द १६३० च्या दशकापासून इंग्रजीत सापडतो आणि तेव्हा त्याचा अर्थ निव्वळ हाताकाठीने बदडणे एवढाच होता. शब्दांनी बदडणं पुढे आलं.

यातल्या 'बेस्ट'शी गल्लत करणारे आणखी दोन 'बेस्ट' आहेत. कापड पक्कं शिवण्याआधी मोठे टाके घालून घेतात तो एक, आणि मांस भाजताना त्यावर वरून चरबी सोडत राहतात तो दुसरा. कोकरू आणि चरबी एकत्र आल्यावर लोकांनी स्वयंपाकघरातली व्युत्पत्ती रचली नसती तरच नवल.

अवांतर: इंग्रजीत धोपटणे या अर्थाचा 'थ्रॅश' आणि मळणीचा 'थ्रेश' हा मुळात एकच शब्द. आपणही कणसं झोडतो आणि माणसालाही झोडतो. दाणा आणि भूस वेगळं व्हावं म्हणून झोडणं ही टीकेची फारच चांगली व्याख्या आहे, पण लॅम्बास्ट करणाऱ्याला दाण्याशी काही देणंघेणं नसतं.

खारूताई

बघा, मी न शिकता भाषाशास्त्रज्ञ झाले. 💃

खडूफळा

इंग्रजी शिकवते, त्यामुळे दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

उच्चार. स्पेलिंग दोन आहेत, शेवटी 'ई' असलेलं आणि नसलेलं. 'ई' असेल तर लॅम्बेस्ट, 'पेस्ट'च्या यमकातला. नसेल तर लॅम्बॅस्ट किंवा लॅम्बास्ट. दोन्ही बरोबर. भूतकाळात मात्र दोन्ही स्पेलिंगं एकच होतात, त्यामुळे छापलेला 'लॅम्बास्टेड' पाहून लिहिणाऱ्याच्या मनात कोणता उच्चार होता ते कळायला मार्ग नाही. बातम्यांत तो बहुतेक भूतकाळातच येतो, म्हणून हा वाद कधी मिटत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. लॅम्बास्टला थेट कर्म लागतं. ज्याला झोडलं तो लगेच पुढे, मग 'फॉर' आणि कारण. मुलं हमखास 'लॅम्बास्टेड ऑन द गव्हर्नमेंट' लिहितात, कारण डोक्यात 'सरकारवर टीका' असते आणि तो 'वर' गुपचूप इंग्रजीत उतरतो. 'क्रिटिसाइज्ड ऑन हिम' ही याच चुकीची थोरली बहीण. काही मुलं 'अगेन्स्ट' घालतात. तो 'फल्मिनेट'ला चालतो, 'इन्व्हे'ला चालतो, पण लॅम्बास्टला नाही. 'लॅश आउट'ला 'अ‍ॅट' लागतो. या शब्दांचे अर्थ एकमेकांच्या इतके जवळ आहेत की शब्दयोगी अव्ययाची चूक वाचणाऱ्याला लगेच खुपते.

(फल्मिनेट लॅटिनमधल्या विजेवरून आलाय. माणूस अक्षरशः कडाडतो. तो वर्गात सांगितला की मुलं जागी होतात.)

पारवा

बरीच वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली, तेव्हा थोडं त्या बाजूने.

इंग्रजी मथळ्यांत हे क्रियापद फार दिसत नाही, बातमीच्या पोटात दिसतं. कारण साधं आहे, लांबी. एका कॉलमच्या मथळ्यात जेमतेम काही अक्षरं बसतात. म्हणून तिथे आखूड शब्दांची फौज असते: स्लॅम, रॅप, ब्लास्ट, फ्ले, पॅन. हे शब्द रागाच्या प्रमाणात निवडलेले नसतात, जागेच्या प्रमाणात निवडलेले असतात. मुळात 'रॅप' म्हणजे बोटांवर पट्टी मारल्याइतकंच आणि 'फ्ले' म्हणजे जिवंतपणी कातडी सोलणं. पण दोन्ही मथळ्यांतून मूळची बातमी एकच असू शकते, 'नाराजी व्यक्त केली'. मराठीत आणताना मथळ्याचं क्रियापद धरायचं नाही, आत उतरून माणूस नक्की काय बोलला ते वाचायचं. आम्हाला हे रागावून शिकवलं गेलं.

एक किस्सा. आमच्याकडे एक नवा मुलगा होता. एजन्सीच्या इंग्रजी मजकुरात एक चित्रपट समीक्षकांनी 'स्लेट' केल्याचं आलं होतं. ब्रिटिश बोलीत स्लेट करणे म्हणजे धुलाई करणे. पण 'स्लेटेड फॉर जून' म्हणजे जूनसाठी ठरलेला, आणि मुलाला तेवढाच अर्थ ठाऊक. त्याने लिहिलं, 'समीक्षकांनी चित्रपटाची तारीख निश्चित केली.' छापून गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं जे काय झालं त्याला इंग्रजीत काय म्हणायचं, ते या धाग्याच्या शेवटी ठरवू.

खारूताई

🤣🤣 पारवाकाका, एवढं हसले की बाजूच्यांनी वळून पाहिलं.

मात्रा चळली

'फ्ले'वरून आठवलं. लॅम्बास्टच्या वरची पायरी म्हणजे 'एक्सकोरिएट'. बाकीच्यांना तो वर्तमानपत्रात भेटतो, मला रोज दवाखान्यात भेटतो. 'कोरियम' म्हणजे लॅटिनमध्ये कातडं. 'एक्स' म्हणजे काढून. त्वचा खाजवून खाजवून वरची साल निघाली की आम्ही कागदावर 'एक्सकोरिएशन' लिहितो. स्वतःचीच त्वचा सतत टोकरत राहण्याच्या विकारालाही हेच नाव आहे, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

म्हणजे 'द रिव्ह्यू एक्सकोरिएटेड हिम' याला मराठी आयतं तयार आहे. सालटी काढली. शब्दाला शब्द, कातडीला कातडी. इतकं तंतोतंत जुळणं क्वचित मिळतं.

आपल्याकडे या खात्यात आणखी बरंच काही आहे. बिनपाण्याची हजामत, मग खरडपट्टी, मग सालटी. वस्तरा हळूहळू आत जातो. इंग्रजीतही रक्तमांस कमी नाही. 'सार्कॅझम' हा शब्द मांस ओरबाडण्याच्या ग्रीक क्रियापदावरून आलाय. वर्गात उपरोधाने बोलणारे मास्तर आठवले की पटतं.

आडवातिडवा

मला एक कळत नाही. सगळे मारतायत, सोलतायत, भाजतायत. पण 'टीका' हा शब्द मुळात मारण्याचा नव्हताच. टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणं. गीतेवर टीका लिहिणारे गीतेला झोडपत नव्हते. इंग्रजी 'क्रिटिसिझम'च्या मुळाशीही ग्रीकमधलं निवडणं, पारखणं आहे. दोन्ही भाषांत तो शब्द एकाच बाजूला घसरला. आता 'तुमच्यावर टीका करतो' म्हटलं की माणूस आधी हात वर करून चेहरा झाकतो.

म्हणून माझं म्हणणं, 'टीका'च ठेवा, तिला जरा मान द्या.

वळचण

आडवातिडवा, हे पटलं. पण लॅम्बास्टसाठी तर हा शब्द आणखीच चुकीचा ठरतो ना? त्यात उलगडून सांगणं कुठे आहे?

आडवातिडवा

हं. तुमच्याच बाजूने बोललो की काय मी.

कज्जेदलाल

'ताशेरे'वर बोलायचा अधिकार माझा आहे, कारण ते ओढले जाताना मी समोर उभा असतो.

तुमच्या संपादकांचा शेरा अगदी बरोबर. ताशेरे वरून खाली येतात. न्यायालय प्रशासनावर ओढतं, वरिष्ठ न्यायालय कनिष्ठ न्यायालयावर ओढतं, हिशेब तपासणारा खात्यावर ओढतो. ज्याच्याकडे अधिकार आहे आणि ज्याचं म्हणणं कागदावर राहतं, त्याचे ते ताशेरे. आपल्याकडच्या इंग्रजीत याला 'पास्ड स्ट्रिक्चर्स' म्हणतात. मंत्र्यांनी न्यायालयावर ताशेरे ओढले, असं कधी वाचलंय? मंत्री फार तर नाराजी व्यक्त करतात. समीक्षकाकडे लेखणी आहे, अधिकार नाही. त्यामुळे चित्रपटावर ताशेरे नाहीत.

आणि ताशेरे ओढायलाही नियम आहेत. १९६३ साली उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध महंमद नईम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिले. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी एका पोलिसाच्या प्रकरणात सगळ्या पोलीस दलाबद्दलच फार जहाल शेरे लिहिले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकायला लावले. तेव्हा विचारलेले प्रश्न असे: ज्याच्याबद्दल शेरा आहे तो न्यायालयासमोर होता का, निदान त्याला आपली बाजू मांडायची संधी होती का? शेऱ्याला आधार देणारा पुरावा नोंदीवर आहे का? निकाल देण्यासाठी तो शेरा मारणं गरजेचं होतं का?

पहिला प्रश्न लक्षात ठेवा. समोर होता का?

वरून खाली हीच गोष्ट 'सेन्शुअर'ची, म्हणजे ठराव करून केलेल्या निंदेची. आपल्या संसदेत निंदाव्यंजक ठराव आणि अविश्वास ठराव वेगळे आहेत. निंदेच्या ठरावात कारण द्यावं लागतं आणि तो एकट्या मंत्र्याविरुद्धही आणता येतो. अविश्वासाला कारण सांगावं लागत नाही, पण तो अख्ख्या मंत्रिमंडळाविरुद्ध असतो. शब्दाला किती वजन असतं पाहा. अमेरिकेच्या सिनेटने डिसेंबर १९५४ मध्ये आपलेच एक सदस्य जोसेफ मॅकार्थी यांच्याविरुद्ध ६७ विरुद्ध २२ मतांनी ठराव केला. सगळे त्याला सेन्शुअर म्हणतात, पण ठरावाच्या मजकुरात शब्द 'कंडेम्ड' असा आहे. मॅकार्थींचे समर्थक यावर बोट ठेवून भांडले, की हे सेन्शुअर नव्हेच.

अर्धविराम

कज्जेदलाल, 'समोर होता का' वाचून डोक्यात काहीतरी हललं. लिहून बघते, चुकलं तर सांगा.

माझ्या तीन वाक्यांत झोडला जाणारा वेगवेगळा आहे. चित्रपट, धोरण, खेळाडू. इंग्रजीला फरक पडत नाही, लॅम्बास्ट तिघांनाही सारखंच कर्म करून घेतं. पण मराठीत मी 'समीक्षकांनी चित्रपटाला खडसावलं' म्हणू शकत नाही. 'विरोधकांनी धोरणाची कानउघाडणी केली' हेही नाही. चित्रपटाला कान कुठे आहेत?

म्हणजे आपल्याकडे एक पूर्ण गट असा आहे, ज्याला समोर कान लागतात. झापणे, खडसावणे, दटावणे, सुनावणे, फैलावर घेणे, धारेवर धरणे, कानपिचक्या देणे, कान उपटणे. आणि दुसऱ्या गटाला कान लागत नाहीत, ते गैरहजेरीतही चालतात. वाभाडे काढणे, चिरफाड करणे, टीकेची झोड उठवणे, कोरडे ओढणे, लक्तरं वेशीवर टांगणे. शिवाय विभक्ती बदलते. माणसा'ला' झापतात, धोरणा'वर' झोड उठवतात, चित्रपटा'चे' वाभाडे काढतात. इंग्रजीचं एक कर्म इथे येताना तीन दारांनी येतं.

खडूफळा

अर्धविराम, मस्त! आणि हे इंग्रजीतही आहे, फक्त लॅम्बास्टमध्ये नाही. 'स्कोल्ड', 'बिरेट', 'रिब्यूक', 'रेप्रिमांड', 'अपब्रेड' या सगळ्यांना कान लागतात. चित्रपटाला कुणी स्कोल्ड करत नाही. उलट 'पॅन'ला कान चालत नाहीत. नाटक पॅन होतं, पुस्तक पॅन होतं, मुलगा पॅन होत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने 'माय मदर पॅन्ड मी' लिहिलं होतं. मी खूण केली, पण का चूक ते तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. आता सांगेन, तू काय नाटक आहेस का?

उंचीचा मुद्दाही इथेच बसतो. 'रेप्रिमांड' वरच्यानेच करायचा. शिपाई साहेबाला रेप्रिमांड करू शकत नाही, लॅम्बास्ट मात्र खुशाल करू शकतो. कानउघाडणीचंही तसंच. धाकट्याने थोरल्याची कानउघाडणी केली असं लिहिलं, तर वाचणारा त्यात काहीतरी तिरकस शोधतो.

आणि लॅम्बास्ट घरगुती बोलण्यात येत नाही. 'आई मला लॅम्बास्ट करेल' असं कोणी इंग्रजीत म्हणालं, तर तिने पत्रकार परिषद घेतल्यासारखं वाटतं. घरात साधं 'टेलिंग ऑफ' असतं.

खारूताई

आपल्याकडे तर घरातला मार खाणाऱ्याच्याच बाजूने सांगतात. 'बोलणी बसली', 'बोलणी खाल्ली'. कोणी घातली ते सांगायचीही गरज नाही.

आडवातिडवा

थांबा. 'उच्च न्यायालयाने सरकारला झापलं' रोज वाचतो आपण. सरकारला कान असतात?

कज्जेदलाल

असतात. सरकारी वकिलाचे. 😐

आडवातिडवा

😂 घ्या.

पारवा

कज्जेदलालांनी एका ओळीत जिंकलं.

कान नसलेल्या गटात एक सांगायचंय. 'लक्तरं वेशीवर टांगणे' याला इंग्रजीत जवळचा 'पिलरी' आहे. पिलरी म्हणजे मान आणि हात अडकवायची लाकडी चौकट. ती भर चौकात उभी असायची, शिक्षा म्हणून माणसाला तिच्यात तासभर उभा करायचे, आणि गर्दी हाताला येईल ते मारायची. ब्रिटनमध्ये ही शिक्षा १८३७ साली रद्द झाली. क्रियापद मात्र राहिलं, 'ही वॉज पिलरीड इन द प्रेस'. आपली वेस आणि त्यांचा चौक, जागा तीच, जिथून सगळ्यांची ये-जा असते. फरक एवढाच की आपण लक्तरं टांगतो, ते माणूसच टांगायचे.

दुसरं म्हणजे 'समाचार घेणे'. मला या शब्दाचं कायम कौतुक वाटतं. आजाऱ्याच्या समाचाराला जातात आणि गुन्हेगाराचाही समाचार घेतात. 'हजेरी घेणे' तसंच. कागदोपत्री सगळं सभ्य, आत चाबूक. इंग्रजीत याच्या जवळचं म्हणजे 'रीड द रायट अ‍ॅक्ट'. आज त्याचा अर्थ सज्जड दम देणे. पण तो खराच कायदा होता, ब्रिटनमध्ये १७१५ मध्ये मंजूर झालेला. बारा किंवा जास्त माणसं बेकायदा जमली की अधिकाऱ्याने ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा, आणि तासाभरात पांगली नाहीत तर गंभीर गुन्हा. म्हणजे दम देताना खरोखर कागद वाचला जायचा.

वळचण

पारवाकाका, 'खरपूस समाचार' विसरलात! खरपूस म्हणजे छान भाजलेलं. इंग्रजीत 'रोस्ट'. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता माणसाला एकाच आचेवर ठेवलंय.

खडूफळा

पण आताचा रोस्ट वेगळा झालाय हं. त्याला समोरचा माणूस हजर तर लागतोच, वर त्याने हसलंही पाहिजे. तो हसला नाही की त्याला रोस्ट म्हणत नाहीत, भांडण म्हणतात. माझी मुलं 'सरांनी मला रोस्ट केलं' असं अभिमानाने सांगतात. 'सरांनी माझा खरपूस समाचार घेतला' असं अभिमानाने कोणी सांगणार नाही. म्हणून आजच्या रोस्टला मराठीत 'खेचली', 'उडवली' हेच जवळचं.

मात्रा चळली

एक राहिलं, 'फ्लॅक'. 'ही गॉट फ्लॅक'. जर्मन भाषेतल्या विमानविरोधी तोफेच्या लांबलचक नावाचं ते लघुरूप, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या तोंडी बसलं आणि नंतर टीकेला लागलं. इथे तोफ खालून वर मारते. कज्जेदलालांच्या ताशेऱ्यांच्या बरोबर उलट. सत्तेवर बसलेल्याला जनता देते तो फ्लॅक.

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन समजून घ्या.

खारूताई

मग तीन वाक्यांचं काय ठरलं? की नुसतीच चिरफाड?

माझं मत:
चित्रपट: वाभाडे काढले.
धोरण: टीकेची झोड उठवली.
खेळाडू: झापलं.

आडवातिडवा

+१. 'झोड उठवली'मध्ये निदान टीका शिल्लक आहे.

पारवा

धोरणाला 'झोड उठवली' नको. झोड उठते ती अनेकांकडून, चहूबाजूंनी. नेता एकटा आहे. 'धोरणावर आसूड ओढले' किंवा 'टीकास्त्र सोडलं' असं लिहा. टीकास्त्र वापरून वापरून बोथट झालंय, पण संपादक लाल गोल करणार नाहीत.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण पान पुन्हा जाऊन परत आलं.

चित्रपटाचे 'वाभाडे काढले', मंजूर. धोरणावर 'आसूड ओढले', मंजूर, फक्त पुढच्या वाक्यातला माझा 'घणाघात' त्यांनी काढून टाकला. दोन हत्यारं एका परिच्छेदात नकोत म्हणे.

खेळाडूंना 'झापलं' याला मात्र पुन्हा लाल गोल. शेजारी लिहिलंय, 'मूळ पुन्हा वाचा.' वाचलं. प्रशिक्षक सामन्यानंतर पत्रकारांशी बोलत होता. खेळाडू तिथे नव्हतेच, कपडे बदलायच्या खोलीत होते.

कान नव्हते समोर. 'पत्रकारांपुढे आपल्याच खेळाडूंचे वाभाडे काढले' असं केलं, तर वाभाडे दोनदा झाले. शेवटी चित्रपटाची 'चिरफाड' केली आणि वाभाडे खेळाडूंना दिले. पान आज सकाळी गेलं.

पारवा

उत्तम. आता त्या तारीख ठरवणाऱ्या मुलाचं. त्याला संपादकांनी खोलीत बोलावून, दार लावून घेतलं होतं. वरून खाली, समोरासमोर, बाहेर आवाज नाही. खडूफळा, याला तुमच्यात काय म्हणतात?

खडूफळा

रेप्रिमांड. दार उघडं असतं तर पुढचा विचार केला असता.

पारवा

दार लावलेलं होतं, पण भिंती पातळ होत्या.